'आयबॉय' आणि मध्य रेल्वेमार्गावरील सूडकथा : यंत्रशक्ती, माहिती व न्याय

प्रस्तावना

एखादा सामान्य घरातील किशोरवयीन मुलगा, वर्गात फारसा कोणाच्या लक्षात न येणारा; त्याच्यावर एखादा अपघात ओढवतो आणि त्या अपघातातूनच त्याला अमानवी सामर्थ्य प्राप्त होते, हे विज्ञानपटांतील एक जुने व लोकप्रिय कथासूत्र आहे. १९६२ साली अमेरिकी चित्रकथेत अवतरलेल्या 'स्पायडरमॅन'ला हे सामर्थ्य किरणोत्सारी कोळ्याच्या दंशाने मिळाले. त्या काळातील भय अणूचे होते, म्हणून दंशही किरणोत्सारी होता. एकविसाव्या शतकात कोळ्याची जागा खिशातील मोबाइलने घेतली. केविन ब्रुक्स या ब्रिटिश लेखकाच्या २०१० मधील कादंबरीवर आधारलेला, अ‍ॅडम रँडल दिग्दर्शित 'आयबॉय' हा चित्रपट २७ जानेवारी २०१७ रोजी नेटफ्लिक्सवरून प्रदर्शित झाला. मेंदूत मोबाइलचे तुकडे रुतल्यामुळे तांत्रिक महाशक्ती लाभलेल्या सोळा वर्षांच्या मुलाची ही कथा आहे.

मराठीत विज्ञानकथेची लिखित परंपरा समृद्ध आहे. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या स्पर्धेत जयंत नारळीकरांनी टोपणनावाने पाठविलेली 'कृष्णविवर' ही कथा पारितोषिकप्राप्त ठरली आणि पुढील दोन दशके या प्रकाराला बहर आला. चित्रपटात मात्र हा बहर उतरला नाही. सुजय डहाके यांचा 'फुंतरू' (२०१६) हा महाविद्यालयीन तरुणाच्या यंत्रनिर्मित प्रेयसीची कथा सांगणारा प्रयत्न वगळता ठळक नावे थोडीच. 'आयबॉय'चे मराठी भावंड शोधू गेल्यास ते सापडत नाही. परंतु त्याच्या कथेचा खरा गाभा, म्हणजे अन्यायाची माहिती हाती आलेल्या एकट्या माणसाने त्या माहितीचे काय करावे हा प्रश्न, मुंबईच्या हिंदी-मराठी चित्रपटांत पुनःपुन्हा आलेला आहे. आणि त्यांतील दोन चित्रपटांची शीर्षके मध्य रेल्वेच्या स्थानकांवरून घेतलेली असावीत, हा योगायोग उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर येथील अध्यापकांना सहज सोडून देता येण्याजोगा नाही. प्रस्तुत लेखात 'आयबॉय'चे विवेचन याच अंगाने करावयाचे आहे.

कथावस्तू

टॉम हार्वी हा लंडनमधील उंच, कळकट सरकारी वसाहतीत आजीबरोबर राहणारा मुलगा. वसाहतीवर अमली पदार्थांच्या टोळ्यांचा वचक आहे. लूसी या वर्गमैत्रिणीकडे अभ्यासासाठी गेला असता तिच्या घरात मुखवटे घातलेले हल्लेखोर शिरलेले त्याला दिसतात. तो पळत सुटतो, पोलिसांना दूरध्वनी करू लागतो आणि त्याच क्षणी त्याच्या डोक्यात गोळी लागते. बेशुद्धीतून जागा झाल्यावर कळते की कानाशी धरलेल्या मोबाइलचे तुकडे मेंदूत रुतले असून ते काढणे शक्य नाही. लूसीवर त्या रात्री सामूहिक अत्याचार झाला हेही त्याला कळते. हळूहळू त्याला आसपासच्या मोबाइलवरील संभाषणे ऐकू येऊ लागतात, संदेश दिसू लागतात, विजेवर चालणारी उपकरणे नुसत्या विचाराने हलविता येतात. अत्याचार करणारे कोण, हे त्याला कोणाला न विचारता समजते. येथून पुढे 'आयबॉय' हे नाव धारण करून तो एकेकाचा सूड घेत जातो. सूडाचा माग त्याला टोळीच्या सूत्रधारापर्यंत नेतो, आणि ज्याच्याकडे सामर्थ्य आहे त्याचा वापर करून घेऊ पाहणारा त्याहून मोठा माणूस जगात असतोच, याचा प्रत्यय त्यास येतो.

टॉम, लूसी, आजी आणि सूत्रधार एलमन या भूमिका अनुक्रमे बिल मिल्नर, मेझी विल्यम्स, मिरांडा रिचर्डसन व रॉरी किनिअर यांनी केल्या आहेत. कथेची मांडणी सरधोपट आहे, हे मान्य करावे लागेल. नव्वद मिनिटांच्या अवधीत टोळीयुद्ध, प्रेमकथा आणि विज्ञानकल्पना या तिन्हींना न्याय मिळालेला नाही. तरीही वर्गात चर्चेसाठी हा चित्रपट कित्येक सुबक चित्रपटांहून अधिक उपयोगी आहे. कारण त्याच्या त्रुटीच अधिक बोलक्या आहेत.

विज्ञान किती, कल्पना किती

प्रथम विज्ञानाची बाजू पाहू. मोबाइलचा भंगलेला तुकडा मेंदूत जाऊन कार्यरत राहणे अशक्य आहे. त्याला विद्युत्पुरवठा लागतो, लहरी पकडणारी तार लागते, आणि पकडलेल्या लहरींचा अर्थ लावणारी अखंड मंडले लागतात. दुसरी अडचण याहून मूलभूत आहे. मोबाइलच्या लहरी सेकंदाला कोट्यवधी वेळा कंप पावतात. मेंदूतील एखादी चेतापेशी सेकंदाला फार तर काहीशे वेळा स्पंदते. या दोहोंची भाषाच भिन्न असल्याने त्यांच्यामध्ये दुभाष्या हवा. तो दुभाष्या निर्माण करण्याचे काम प्रयोगशाळांत खरोखरच चालू आहे. २००४ साली अमेरिकेत 'ब्रेनगेट' या प्रकल्पाखाली पक्षाघात झालेल्या रुग्णाच्या मेंदूच्या पृष्ठभागावर सुमारे चार मिलिमीटर लांबी-रुंदीची, शंभराच्या आसपास सूक्ष्म सुया असलेली पट्टी बसविण्यात आली व त्याला नुसत्या विचाराने संगणकाच्या पडद्यावरील दर्शक हलविता आला. जानेवारी २०२४ मध्ये 'न्यूरालिंक' या कंपनीने मानवी मेंदूत आपले पहिले उपकरण बसविले. या दोन्ही ठिकाणी यंत्राला रुग्णाची स्पंदने शिकवावी लागली, रुग्णालाही सराव करावा लागला. टॉमला मात्र हे सारे आपोआप साधते.

तिसरी अडचण विद्यार्थी स्वतःहून सांगतात, आणि ती महत्त्वाची आहे. हवेतून जाणारा संदेश पकडणे म्हणजे तो वाचणे नव्हे. आजचे बहुतेक संदेश कूटबद्ध असतात. किल्ली नसेल तर पकडलेला संदेश म्हणजे निरर्थक अंकांची रांग. टॉमच्या डोळ्यांसमोर दुसऱ्याचा संदेश सरळ इंग्रजी वाक्यांत झळकतो, ही चित्रपटाने घेतलेली सर्वांत मोठी सवलत होय.

अशा सवलतींना हिंदी चित्रपटही सरावलेला आहे. शेखर कपूर यांच्या 'मिस्टर इंडिया'त (१९८७) अदृश्य झालेला नायक फक्त तांबड्या प्रकाशात दिसतो. वास्तविक, संपूर्ण पारदर्शक झालेल्या माणसाच्या डोळ्यांतील पडदा प्रकाश शोषूच शकणार नाही, म्हणजे तो स्वतः आंधळा असेल. एच. जी. वेल्स यांच्या १८९७ मधील 'अदृश्य माणसा'वरही हाच आक्षेप घेतला जातो. परंतु तांबड्या प्रकाशाची अट भौतिकशास्त्रासाठी नसून नीतिशास्त्रासाठी आहे. सामर्थ्याला कोठेतरी उघडे पडण्याची जागा असावी, एवढाच तिचा अर्थ. 'आयबॉय'मध्ये अशी तांबडी खिडकी नाही. टॉम इतरांना पाहतो. टॉमला पाहणारे कोणी नाही.

पूर्वसूरी : घड्याळ, सायकल, बॅट आणि कागदी पिशवी

'मिस्टर इंडिया'तील अरुण हा किशोर नव्हे. पण त्याच्या अवतीभोवती अनाथ मुलांचे घर आहे, आणि सामर्थ्य त्याला स्वतःसाठी मिळत नाही. मनगटावरील ते यंत्र वैज्ञानिक वडिलांचा वारसा आहे. घरातील सर्वांत लहान मुलगी बाँबस्फोटात मरण पावल्यावरही कथेचा रोख वैयक्तिक सूडाकडे पुरता वळत नाही. धान्यातील भेसळ, मवाल्यांची दहशत व परकीय खलनायक यांच्याविरुद्ध तो सार्वजनिक लढा राहतो. विशेष म्हणजे शेवटच्या झुंजीच्या वेळी ते यंत्र नायकाच्या हाती नसते. सलीम-जावेद या जोडीच्या या अखेरच्या पटकथेला यंत्रापेक्षा माणसावर अधिक भरवसा होता, असे म्हणता येईल.

मराठी वाचकाचा किशोर नायक तर यंत्राच्या वाटेलाच गेला नाही. भा. रा. भागवतांच्या फुरसुंगीच्या बनेश फेणेला, म्हणजे फास्टर फेणेला, कोणतीही शक्ती लाभली नाही. सायकल, चपळाई आणि चौकसपणा एवढ्यावर त्याने पिढ्यान्‌पिढ्या वाचकांना खिळवून ठेवले. २०१७ मध्ये, म्हणजे 'आयबॉय'च्याच वर्षी, तो चित्रपटात आला तेव्हा वैद्यकीय प्रवेशपरीक्षेतील घोटाळा त्याच्यासमोर होता. फेणेला माहिती मिळवावी लागते. तो विचारतो, चुकतो, पाठलाग करतो. माहिती आयती मिळणे आणि ती मिळवावी लागणे यांतील अंतर केवळ कथेच्या रंगतीचे नाही, हे पुढे दिसेल.

निशिकांत कामत यांच्या 'डोंबिवली फास्ट'मध्ये (२००५) बँकेत नोकरी करणारा माधव आपटे क्रिकेटची बॅट घेऊन बाहेर पडतो. त्याला सारे आधीपासूनच माहीत असते. लाच कोण घेतो, काय चालते, हे या लोहमार्गावरील प्रत्येक प्रवाशाला माहीत असते. त्याचा संताप माहितीच्या अभावातून नव्हे, तर माहिती निरुपयोगी ठरण्यातून येतो. तेरा वर्षांनी विक्रमादित्य मोटवाने यांच्या 'भावेश जोशी सुपरहीरो' (२०१८) या हिंदी चित्रपटात हाच संताप नव्या पिढीच्या हाती कॅमेरा देतो. २०११ च्या भ्रष्टाचारविरोधी आंदोलनाने भारावलेले तरुण मित्र कागदी पिशवीचे मुखवटे घालून 'इन्साफ टीव्ही' चालवितात. पुढे भावेशला मुंबईच्या पाणीचोरीचा व टँकरव्यवहाराचा सुगावा लागतो आणि त्यात त्याचा जीव जातो. मग त्याचा मित्र सिकंदर घरगुती अवजारांतून, आवाज बदलणाऱ्या यंत्रातून व सुधारून घेतलेल्या दुचाकीतून 'महानायक' उभा करतो. या चित्रपटात राजकीय खलनायकाची भूमिका स्वतः निशिकांत कामत यांनीच केली आहे. दिग्दर्शकाने आपल्याच जुन्या नायकाच्या वारसाविरुद्ध उभे राहावे, ही गोष्ट चित्रपटाच्या चाहत्यांच्या नजरेतून सुटू नये.

'भावेश जोशी'ला तिकीटबारीवर यश लाभले नाही. परंतु आपल्या परिसरात तो समजावून सांगावा लागत नाही. बारवी धरण बदलापूरजवळ, उल्हास नदी दाराशी, आणि तरीही उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या इमारती येथे नव्या नाहीत. पाण्याची चोरी हा खलनायकी कट म्हणून पडद्यावर पाहताना येथील विद्यार्थी अचंबित होत नाही. त्याला कुतूहल असते ते यंत्रांचे. उल्हासनगरच्या बाजारपेठेत वाटेल त्या वस्तूची नक्कल मिळते आणि तीवर 'मेड इन यूएसए' लिहिलेले असते, यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद जुना आहे. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत येऊन पडलेल्या आणि १९४९ मध्ये नगर म्हणून वसविलेल्या निर्वासितांच्या उद्यमशीलतेला तो थट्टेने दिलेला मुजराच आहे. तुटक्या यंत्रातून चालते यंत्र काढणारा कारागीर जेथे अंगवळणी पडलेला आहे, तेथे सिकंदरची दुचाकी टॉमच्या मेंदूपेक्षा अधिक विश्वासार्ह वाटावी, हे साहजिक आहे.

लूसीला कोणी विचारले?

आता मूळ मुद्द्याकडे यावयास हरकत नाही. टॉमला लाभलेली शक्ती बळाची नाही, वेगाची नाही. ती माहितीची आहे. स्वतः अज्ञात राहून दुसऱ्याविषयी सर्व काही जाणणे, हे तिचे स्वरूप होय. अन्यायाच्या प्रसंगी माहिती ही पुराव्याच्या रूपाने सर्वांत मौल्यवान असते. टॉम मात्र तिचा पुरावा करीत नाही. तो तिचा दारूगोळा करतो. गुन्हेगाराची खाजगी दृश्ये उघड करून त्याला नामोहरम करणे, मोटारीत कोंडणे, टोळीतील लोकांना आपसांत झुंजविणे, हे सारे पाहताना प्रेक्षक टाळ्या वाजवितो. परंतु खाजगी दृश्ये पसरविणे हेच तर या काळातील अत्याचाराचे नवे हत्यार आहे. भारतीय कायद्याच्या चौकटीत पाहिल्यास माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मधील कलम ४३ व ६६ खाली टॉमचे जवळजवळ प्रत्येक कृत्य अपराध ठरेल, आणि खाजगीपणाच्या भंगासंबंधीचे कलम ६६ ई वेगळे. वर्गात हे सांगितले की मुले प्रथम हसतात. मग विचारतात की गुन्हेगाराचाही खाजगीपणा असतो काय. प्रश्न योग्य आहे, आणि त्याचे उत्तर झटपट देऊ नये.

याहून गंभीर गोष्ट लूसीच्या संदर्भात घडते. टॉम तिच्याशी 'आयबॉय' या नावाने संदेशांद्वारे बोलू लागतो. समोरचा अनोळखी रक्षक म्हणजे आपला वर्गमित्रच, हे तिला ठाऊक नसते. तिच्यावर झालेल्या अत्याचाराचा सर्वांत भयंकर भाग हा होता की तिच्या घराचा, तिच्या शरीराचा, तिच्या जीवनाचा ताबा मुखवटा घातलेल्यांनी तिला न विचारता घेतला. आता तिच्या सूडाचा ताबाही मुखवटा घातलेला दुसरा कोणी तिला न विचारता घेतो. हेतू निराळा, रीत तीच. चित्रपटाला हे साम्य दिसते की नाही, याविषयी मतभेद होऊ शकतील. काही प्रसंगांत दिग्दर्शकाला ते जाणवल्यासारखे वाटते. लूसी घराबाहेर पडण्याचे धैर्य कसे गोळा करते हे दाखविणारी दृश्ये टॉमच्या पराक्रमांपेक्षा अधिक संयत आहेत. परंतु कथेची सूत्रे अखेरपर्यंत टॉमच्याच हाती राहतात. तिला न्याय हवा होता की सूड, पोलिसांत जावयाचे होते की नव्हते, हे तिला कोणी विचारले, असा प्रश्न टाकला असता उत्तर देणे कठीण जाते.

फेणे विचारतो, टॉमला विचारावे लागत नाही, हे अंतर येथे महत्त्वाचे ठरते. ज्याला विचारावे लागत नाही, त्याला ऐकण्याचीही गरज उरत नाही.

बदलापूर : चित्रपट आणि नगर

श्रीराम राघवन यांचा 'बदलापूर' हा हिंदी चित्रपट फेब्रुवारी २०१५ मध्ये आला. 'बदला' या शब्दावरील श्लेष हे शीर्षकाचे उघड कारण. तथापि पत्नी व लहान मुलगा बँकेवरील दरोड्याच्या वेळी गमावलेला पुण्याचा रघू खरोखरच बदलापुरात येऊन राहतो आणि गुन्हेगाराच्या सुटकेची पंधरा वर्षे वाट पाहतो. प्रेक्षकाची अपेक्षा सूडाच्या समाधानाची असते. राघवन ती पुरी करीत नाहीत. रघू निर्दयपणे खून करतो, आणि ज्याच्यावर त्याचा सूड रोखलेला असतो तो लियाक अखेर ते खून स्वतःच्या माथी घेतो. गुन्हेगार माणूस बनतो आणि फिर्यादी गुन्हेगार. तांत्रिक महाशक्तीचा लवलेश नसलेला हा चित्रपट 'आयबॉय'ने टाळलेला प्रश्न सरळ विचारतो, आणि म्हणून दोन्ही एकत्र दाखविणे अध्यापनाच्या दृष्टीने फलदायी ठरेल.

या श्लेषाला ऑगस्ट २०२४ मध्ये निराळाच संदर्भ मिळाला. बदलापुरातील एका शाळेत बालवर्गातील दोन मुलींवर अत्याचार झाल्याचे उघड झाले. तक्रार नोंदवून घेण्यास विलंब झाल्याचा आरोप झाला. २० ऑगस्ट रोजी संतप्त जमाव लोहमार्गावर उतरला आणि बदलापूर स्थानकातील वाहतूक सायंकाळपर्यंत ठप्प झाली. त्या दिवशी रुळांवर दिलेल्या घोषणांत आरोपीला तत्काळ फाशी देण्याची मागणी होती. मुंबई उच्च न्यायालयाने प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली. २३ सप्टेंबर रोजी आरोपी पोलिसांच्या ताब्यात असताना, वाहनातून नेला जात असताना, गोळी लागून मरण पावला. त्याने पोलिसाचे शस्त्र हिसकावून गोळीबार केला व स्वसंरक्षणार्थ प्रतिकार करावा लागला, असे पोलिसांचे म्हणणे होते. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयापुढे आलेल्या दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालात या म्हणण्याविषयी शंका व्यक्त झाली. तत्पूर्वी, आरोपीच्या मृत्यूनंतर लगेचच, मुंबईत फलक लागले होते : 'बदला पुरा'.

रुळांवरील जमावाच्या संतापाला कमी लेखण्याचे कारण नाही. विलंबाचा आरोप खरा असेल तर तो संताप 'डोंबिवली फास्ट'च्या माधव आपटेचाच आहे. माहिती होती आणि ती निरुपयोगी ठरली. त्या दिवशी मोबाइलने दिवसभर जे केले तेही टॉमच्या शक्तीसारखेच होते. चित्रफिती पसरल्या, लोक जमले, खऱ्याबरोबर खोट्या वार्ताही फिरल्या. फरक इतकाच की ही शक्ती आता एकाच मुलाच्या कवटीत नाही, ती प्रत्येक डब्यातील प्रत्येक प्रवाशाच्या हातात आहे. म्हणून 'तुला ही शक्ती मिळाली तर काय करशील', हा चित्रपटानंतर विचारला जाणारा ठराविक प्रश्न आता शिळा झाला आहे.

त्याऐवजी वर्गात आणखी एक यंत्रणा समजावून द्यावी लागते, जी यंत्रासारखी दिसत नाही. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ या कायद्याने बालकाची जबानी शक्यतो त्याच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या जागी घ्यावी, घेणारा अधिकारी शक्यतो स्त्री असावी व गणवेशात नसावी, साक्षीच्या वेळी आरोपी बालकाच्या नजरेस पडू नये, सुनावणी बंद दालनात व्हावी, बालकाची ओळख प्रसिद्ध होऊ नये, अशा तरतुदी केल्या आहेत. या सर्व खटाटोपाचा हेतू एकच : जिच्यावर अन्याय झाला तिला, तिच्या शब्दांत, भीती न बाळगता सांगता यावे, आणि ते कोणीतरी ऐकून नोंदवून ठेवावे. ही यंत्रणा संथ आहे, प्रसंगी बेफिकीर आहे, आणि तिच्या संथपणाचाच राग रुळांवर व्यक्त झाला. परंतु आरोपी मरण पावला की त्याच्याविरुद्धचा खटला संपतो. त्यामुळे या प्रकरणात मुख्य आरोपीविरुद्ध त्या बंद दालनातील साक्ष होण्याची वेळच आता येणार नाही.